सगळीकडे धावायचं नाही, मग उभं कुठे राहायचं?

एका पत्रातून आलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. भाडेकरूंच्या हक्कांसाठी काम करणारा नऊ जणांचा एक गट आहे. वर्षभरात त्यांच्यापुढे एकामागून एक प्रसंग आले: उष्णतेची लाट, अन्नधान्याची महागाई, दूरच्या युद्धातले बळी, जवळच एका अल्पसंख्य वस्तीवर झालेला हल्ला, मग सरकारी दवाखान्यातली औषधटंचाई. दर वेळी त्यांनी पत्रक काढलं, निदर्शनांना गेले, सह्या गोळा केल्या. दोघं थकून सोडून गेले. एका विषयावर ते काहीच बोलले नाहीत, तर मित्रसंघटनांनी विचारलं, ‘गप्प का?’ या सगळ्यात भाडेकरूंच्या बैठकीला येणारी माणसं मात्र निम्म्यावर आली. गटातली एक कार्यकर्ती विचारते: “सगळी संकटं एकमेकांत गुंतली आहेत हे पटतं. पण म्हणून आम्ही सगळीकडे असायलाच हवं का? नाही, तर मग एकजूट म्हणजे नेमकं काय?”

गेली सव्वीस वर्षं मी संघटना बांधण्याचं आणि कार्यकर्त्यांची शिबिरं घेण्याचं काम करते. हा प्रश्न गेल्या पाच-सहा वर्षांत जितक्यांदा कानावर आला तितका त्याआधी कधी आला नव्हता. म्हणून सविस्तर लिहिते.

तुम्ही सगळीकडे असायची गरज नाही. नऊ जणांना ते शक्यही नाही. पण फक्त ‘आपल्या’ विषयापुरतं राहून तुमचा विषयही सुटणार नाही, कारण तो आता एकटा उरलेलाच नाही. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. तुम्हाला दमवते आहे ती या दोहोंमधली ओढाताण.

मी पाठिंबा आणि एकजूट यांत फरक करते. पाठिंबा जाहीर करता येतो. आपल्याकडे ‘जाहीर पाठिंबा’ हा शब्दच रूढ आहे. एकजूट जाहीर करून होत नाही, ती जुळवावी लागते. ओळखायची खूण सोपी आहे. तुम्ही कुणाच्या बाजूने उभं राहिल्यावर उद्याच्या तुमच्या कामात काही बदललं का? तुमचा एखादा तास, एखादी खोली, एखादं वाहन, एखादा वकील, एखादा ठाम नकार त्यांच्या उपयोगी पडला का? पडला असेल तर ती एकजूट. नाहीतर तो पाठिंबा. पाठिंबा वाईट नसतो, पण त्याने कुणाचं ओझं हलकं होत नाही. वर्षभरात तुम्ही पाठिंबा पुष्कळ दिलात आणि एकजूट फार थोडी बांधलीत, असं तुमच्या पत्रावरून मला वाटतं. थकवा त्यातूनच आला असावा. खूप काम केल्याने माणूस दमतो, पण कामातून काही उभं राहत नाही असं दिसलं की तो खचतो.

मग सुरुवात कुठून करायची? मी शिबिरात एक गोष्ट करून घेते, तिला आम्ही ‘एका माणसाचा महिना’ म्हणतो. भिंतीवर मोठा कागद लावायचा, वर १ ते ३० तारखा लिहायच्या. संघटनेतल्या एका सभासदाने आपला गेला महिना सांगायचा: पैसे कधी आले, कुठे गेले, कुठे ताटकळावं लागलं, कुणाची भीती वाटली, कोण मदतीला आलं. बाकीच्यांनी फक्त ऐकायचं आणि लिहायचं. मध्ये ‘हा वर्गाचा प्रश्न’, ‘हा हवामानाचा प्रश्न’ असली शीर्षकं द्यायची नाहीत.

एका शिबिरात दोन कार्यालयांची साफसफाई करणाऱ्या एक ताई बोलल्या. वरच्या मजल्यावर, थेट छताखाली त्यांची खोली. ३ तारखेला भाडं दिलं. ६ पासून रात्री झोप नाही, छत पहाटेपर्यंत तापलेलं. ११ला दवाखान्यात रक्तदाबाच्या गोळ्या नव्हत्या, बाहेरून अर्धी पट्टी कापून घेतली आणि एक दिवसाआड घेतली. १७ला चक्कर आली, दोन दिवसांचा रोज बुडाला. २२ला घरमालक म्हणाला, पुढच्या वर्षी करार करणार नाही, ‘तुमच्या लोकांना’ आता इमारतीत ठेवायचं नाही असं बाकीच्यांचं म्हणणं आहे. हे शेवटचं सांगताना त्या खाली बघत होत्या आणि हातातल्या पेनचं टोपण काढत-लावत होत्या. लिहिणाऱ्या मुलाचा हात थांबला. खोलीत बराच वेळ कुणी काही बोललं नाही.

त्या कागदाकडे पाहिल्यावर कुणाला भाषणाची गरज उरली नाही. उष्मा, आजारपण, बुडालेली मजुरी आणि आडनावावरून होणारा द्वेष या चार ‘विषयांवर’ त्या गावातल्या चार संघटना काम करत होत्या. ताईंच्या आयुष्यात ते चारही एकाच दारातून आत आले होते, आणि ते दार म्हणजे त्यांचा भाडेकरार. त्या गटाने मग करारालाच हात घातला. तीन मागण्या ठरल्या: छत थंड ठेवायची सोय मालकाने करायची, कडक उन्हाळ्याच्या महिन्यांत कुणालाही घराबाहेर काढायचं नाही, आणि आडनाव पाहून नकार द्यायचा नाही. पर्यावरणवाल्या मुलांनी छतांची तापमानं मोजून दिली. आरोग्याचं काम करणाऱ्यांनी चक्कर येण्याच्या नोंदी ठेवल्या. कुणी कुणाला पत्रक दिलं नाही. प्रत्येकाने आपलंच काम केलं, फक्त एका ठिकाणी केलं.

अशी जागा सापडणं मला फार मोलाचं वाटतं. संकटांची यादी केली तर ती कधीच संपत नाही आणि यादीतलं प्रत्येक नाव आपल्याला दोषी ठरवतं. पण संकटं जिथे एकमेकांत अडकतात अशा गाठी मोजक्याच असतात. तुमच्या हाताशी आहे ती गाठ धरा.

ती न धरल्यास काय होतं, याचा एक धडा फ्रान्सने दिला. २०१८च्या अखेरीस तिथल्या सरकारने इंधनावरचा कर आणखी वाढवायचं ठरवलं होतं, आणि समर्थन हवामानबदलाचं दिलं जात होतं. शहराबाहेर राहणारी, कामावर जायला गाडीशिवाय पर्याय नसलेली माणसं पिवळी जॅकेटं घालून चौकाचौकांत उभी राहिली. सुरुवातीला अनेकांनी हा झगडा ‘पर्यावरणाच्या विरोधातला’ ठरवून टाकला. पण डिसेंबरमध्ये हवामानासाठी निघालेल्या मोर्चांत वेगळीच घोषणा ऐकू आली: जगाची अखेर आणि महिन्याची अखेर, लढाई एकच. मला ही घोषणा अतिशय नेमकी वाटते. जगाच्या अखेरीची काळजी करणारा आणि महिनाअखेरीची काळजी करणारा यांना एकमेकांविरुद्ध उभं करणं सत्तेला सोपं जातं. ती करवाढ त्याच महिन्यात मागे घेतली गेली. पण ज्यांना खरोखर प्रदूषण कमी व्हायला हवं होतं आणि ज्यांना कामावर पोचायचं होतं, त्यांची आघाडी आधीच बांधलेली असती तर मागणी ‘कर नको’ एवढ्यावर थांबली नसती. बस आणि रेल्वेपर्यंत गेली असती, असं मला राहून राहून वाटतं.

अमेरिकेत तेल आणि रसायन कामगारांच्या संघटनेतले टोनी माझोकी यांना हे फार आधी कळलं होतं. १९७३ मध्ये त्यांच्या संघटनेने एका बड्या तेल कंपनीविरुद्ध कामगारांच्या आरोग्य-सुरक्षेसाठी संप केला, तेव्हा पर्यावरण संघटना त्यांच्या बाजूने उभ्या राहिल्या. कामगाराच्या फुप्फुसात जातो तोच धूर कुंपणाबाहेरच्या वस्तीत जातो, हा तो दुवा. पुढे माझोकींनी मांडलं की विषारी उद्योग बंद करायचे तर त्यातल्या कामगारांच्या पगाराची आणि शिक्षणाची तरतूद आधी करा. ‘न्याय्य स्थित्यंतर’ हा आज सगळीकडे वापरला जाणारा शब्द त्या विचारातून आला. दुसऱ्याच्या पोटावर पाय देऊन आपलं ध्येय गाठायचं नाही, इतका साधा त्याचा अर्थ.

आता, आपल्याकडे देण्यासारखं काय आहे, हे कसं ओळखायचं? सिडनीचं उदाहरण मी प्रत्येक शिबिरात सांगते. १९७१ मध्ये हंटर्स हिल या सुखवस्तू उपनगरातल्या तेरा बायका ‘केलीज बुश’ नावाची नदीकाठची झाडी वाचवायला धडपडत होत्या. तिथे महागडी घरं होणार होती. त्यांनी सगळ्यांना पत्रं लिहिली, सगळीकडे अर्ज केले, काही झालं नाही. शेवटी त्या बांधकाम मजुरांच्या संघटनेकडे गेल्या. दोन्हीकडच्या माणसांचं जगणं इतकं वेगळं की एरवी त्यांची गाठ पडायचं कारणच नव्हतं. जॅक मंडी हे त्या संघटनेचे सचिव. संघटनेने पाठिंब्याचा ठराव करून त्यांना वाटेला लावलं नाही. आधी अट घातली: तुमच्या भागात जाहीर सभा घ्या, लोकांना खरंच हे हवंय का ते दाखवा. सभेला सहाशेच्या आसपास माणसं आली. मग मजुरांनी सांगितलं की या जागेवर आम्ही काम करणार नाही. विकासकाने बाहेरचे मजूर आणायची भाषा केली, तेव्हा त्याच कंपनीच्या दुसऱ्या अर्धवट इमारतीवरचे मजूर म्हणाले, एक झाड जरी तुटलं तरी ही इमारत कायमची अर्धीच राहील.

ती झाडी आजही तिथे आहे. पुढच्या तीन वर्षांत चाळीसहून अधिक ठिकाणी अशा ‘हरित बंदी’ लागू झाल्या. १९७३ मध्ये मॅक्वारी विद्यापीठात एका विद्यार्थ्याला समलिंगी असल्यावरून वसतिगृह सोडायला लावलं, तेव्हा या मजुरांनी विद्यापीठाच्या बांधकामावरचं काम थांबवलं.

यात मला दोन गोष्टी दिसतात. मजुरांनी दिली ती त्यांच्याकडे खरोखर होती अशी ताकद: काम करण्याची, म्हणून काम नाकारण्याचीही. आणि मागणाऱ्यांनाही त्यांनी कामाला लावलं. ‘तुमची सभा घ्या’ या अटीत उपकाराची भावना नव्हती, बरोबरी होती. आपल्या चळवळींत हे फार वेळा राहून जातं. कुणी मदत मागितली की एकतर आपण धावतो, नाहीतर हात वर करतो. ‘आम्ही हे करू, त्याआधी तुम्ही एवढं करा’ असं म्हणायचा संकोच वाटतो. तो सोडा. मागणी ही आदराचीच खूण आहे; समोरचा काही करू शकतो असं आपण मानतो, म्हणून मागतो.

तुमच्याकडे काय आहे? भाडेकरूंच्या गटाकडे इमारतींची माहिती असते. कोणत्या खोलीत एकटं म्हातारं माणूस राहतं, कुणाच्या घरी तान्हं बाळ आहे, कोणता जिना मोडका आहे, कोणत्या मालकाच्या किती इमारती आहेत. उष्णतेच्या लाटेत, पुरात, दंगलीच्या रात्री या माहितीइतकं मोलाचं दुसरं काही नसतं. युद्धाविरुद्धच्या पत्रकावर तुमच्या सहीने जेवढा फरक पडेल त्याच्या शंभरपट फरक या माहितीने पडेल. त्या वस्तीवर हल्ला झाला तेव्हा तुम्ही निषेध केलात. तो योग्यच होता. पण तिथल्या किती कुटुंबांना तुमच्या सभासदांच्या इमारतींत दोन रात्री आसरा मिळाला असता? हे मी टोचून बोलायला विचारत नाही. पुढच्या वेळची तयारी कशाची करायची ते यातून कळतं, म्हणून विचारते.

तयारी हा शब्द मुद्दाम वापरते. एकजूट ऐन वेळच्या भावनेतून उभी राहते असा समज आहे. मला तसं कुठेच दिसलं नाही. सॅन फ्रान्सिस्कोत १९७७च्या एप्रिलमध्ये सुमारे दीडशे अपंग माणसांनी संघराज्य सरकारच्या इमारतीत ठिय्या दिला. १९७३च्या पुनर्वसन कायद्याचं कलम ५०४ सांगत होतं की सरकारी पैशावर चालणाऱ्या कामात अपंगांशी भेदभाव करता येणार नाही. पण त्याचे नियम चार वर्षं सहीविना पडले होते. ठिय्याला बसलेल्यांत चाकाच्या खुर्चीतले होते, अंध होते, कर्णबधिर होते, रोज दुसऱ्याच्या हाताशिवाय अंथरुणात कूसही बदलता न येणारे होते. त्यांच्यासाठी फरशीवर एक रात्र काढणं हा जिवाशी खेळ होता. थंड ठेवायच्या औषधांसाठी त्यांनी वातानुकूलन यंत्रावर खोका चिकटवून शीतपेटी केली. फोन तोडले गेले, तेव्हा कर्णबधिरांनी खिडकीतून खाणाखुणांच्या भाषेत बाहेर निरोप दिले.

आणि रोज गरम जेवण येत होतं. ते आणत होते कृष्णवर्णीयांच्या ब्लॅक पँथर पक्षाचे कार्यकर्ते, खाडीपलीकडच्या ओकलंडहून. ते का आले? एक कारण असं की ठिय्यात ब्रॅड लोमॅक्स होते: पँथरचे सदस्य, आणि मल्टिपल स्क्लेरॉसिस या मज्जासंस्थेच्या आजारामुळे चाकाच्या खुर्चीत. अपंगांच्या चळवळीशी पक्षाची ओळख त्यांच्यामुळे ठिय्याच्या आधीच झाली होती. दुसरं कारण म्हणजे पँथरकडे स्वयंपाकघर होतं. १९६९ पासून ते गरीब मुलांना शाळेआधी मोफत न्याहारी देत होते. शेकडो माणसांचं जेवण वेळेवर रांधून पोचवायची सवय त्यांच्या हाताला होती. त्या इमारतीत जेवण पोचलं ते आधी कित्येक वर्षं चुली पेटत होत्या म्हणून. तीन आठवडे उलटल्यावर, २८ एप्रिलला, नियमांवर सही झाली.

मी ही गोष्ट पहिल्यांदा वाचली तेव्हा माझ्या स्वतःच्या कामाची मला लाज वाटली, हे मोकळेपणाने सांगते. आमच्या संघटनेत तेव्हा संयुक्त कृती समितीच्या बैठका होत. चौदा संघटना, चौदा प्रतिनिधी. पण त्यांतल्या एकाही संघटनेच्या सामान्य सभासदाचं नाव मला माहीत नव्हतं. पुढाऱ्या-पुढाऱ्यांची ओळख म्हणजे आघाडी असं आम्ही धरून चाललो होतो. पहिल्या अटकसत्रात ती समिती विरघळून गेली. दोन चळवळींना जोडतो तो लोमॅक्ससारखा, दोन्हीकडे पाय असलेला माणूस. असे लोक प्रत्येक संघटनेत असतात. भाडेकरू असलेली परिचारिका, मजूर असलेला स्थलांतरित, आणि आपल्या त्या ताई. त्यांना आपण ‘आपल्या’ विषयापुरतंच बोलू देतो. त्यांना विचारा, तुम्ही आणखी कुठे जाता?

आता अवघड भागाकडे येते. श्रीलंकेत २०२२ मध्ये संकटांची अक्षरशः रास पडली. कोरोनाने पर्यटन बुडालं होतं, २०१९च्या करकपातीने तिजोरी आटली होती, २०२१ मध्ये रासायनिक खतांच्या आयातीवर अचानक बंदी आल्याने शेती कोसळली होती, आणि युक्रेनवरच्या आक्रमणानंतर इंधन आणि धान्याच्या किमती चढल्या. देशाने परकीय कर्जाची परतफेड थांबवली. ९ एप्रिलपासून कोलंबोच्या गॉल फेस मैदानावर तंबू पडले. तिथे वाचनालय होतं, स्वयंपाकघर होतं, कायदेविषयक मदत होती. सिंहली, तमिळ, मुस्लिम सगळे होते. जुलैमध्ये राष्ट्राध्यक्ष देश सोडून गेले.

पण उत्तरेत आणि पूर्वेत अनेक तमिळ माणसं सावध राहिली. २००९ मध्ये संपलेल्या युद्धात बेपत्ता झालेल्यांच्या आया २०१७ पासून रस्त्याच्या कडेला बसून होत्या. हातात मुलांचे फोटो. दक्षिणेतून त्यांच्याकडे फारसं कुणी फिरकलं नव्हतं. ‘पेट्रोल संपलं तेव्हा तुम्हाला हे सरकार कसं आहे ते कळलं, आम्ही सांगत होतो तेव्हा कुठे होतात?’ असा तो न विचारता विचारलेला प्रश्न होता. त्या मे महिन्यात, १८ तारखेला, गॉल फेसवर, युद्धाच्या अखेरीस मुळ्ळिवाय्क्काल इथे मारल्या गेलेल्या तमिळांचं जाहीर स्मरण झालं. राजधानीच्या मध्यभागी, इतक्या वर्षांनी. उशीर झाला होता, पण मला ती कृती घोषणांपेक्षा मोठी वाटते, कारण तिच्यात ‘या, आमच्या लढ्यात सामील व्हा’ असं नव्हतं. ‘तुमचं दुःख आमच्या मैदानात आणायला हवं होतं, ते आम्ही आणलं नव्हतं’ ही कबुली होती.

एका संकटाने सगळे एकत्र येतात, हे म्हणून अर्धंच खरं आहे. संकट जुनी खाती मिटवत नाही. तुमच्या शेजारची संघटना तुमच्यावर रुसली असेल तर आधी जाऊन विचारा, आम्ही कधी आलो नाही? उत्तर ऐकून लगेच स्पष्टीकरण देऊ नका. पहिल्या भेटीत तुमची मागणी पिशवीतच राहू द्या.

आणखी एक क्षण आधीच ठरवून ठेवायला हवा, तो विजयाचा. १६ ऑगस्ट १९८०, पोलंडमधल्या ग्दान्स्कची जहाजगोदी. क्रेन चालवणाऱ्या आन्ना वालेंतिनोविच यांना कामावरून काढल्यामुळे संप झाला होता. व्यवस्थापनाने त्यांना परत घ्यायचं कबूल केलं, पगारवाढही दिली. संपाचे नेते लेख वावेन्सा यांनी संप संपल्याचं जाहीर केलं, कामगार फाटकाकडे निघाले. पण गोदीच्या आधाराने संपावर उतरलेल्या छोट्या कारखान्यांचं आणि ट्रामचालकांचं काय? ते एकटे पडले असते. परिचारिका आलिना पिएन्कोव्स्का आणि स्वतः वालेंतिनोविच फाटकाकडे धावल्या, लोकांना थांबवलं, इतरांसाठी संप चालू ठेवायचं ठरवून घेतलं. त्यातून जी २१ मागण्यांची यादी झाली तीत आरोग्यसेवा आणि पाळणाघरंही आली. ज्यांचं काम झालंय त्यांनी थांबायचं की निघायचं, हा प्रश्न ऐन फाटकाशी सोडवू नका. आघाडी करतानाच लिहून ठेवा: आमची मागणी आधी मान्य झाली तर आम्ही किती दिवस थांबू.

‘गप्प का?’ या प्रश्नाबद्दल. तो विचारणारे नेहमीच चुकीचे नसतात. काही गोष्टींवर गप्प बसणं म्हणजे बाजू घेणंच असतं, विशेषतः तुमच्याच सभासदांवर किंवा शेजाऱ्यांवर हल्ला होतो तेव्हा. पण प्रत्येक घटनेवर चोवीस तासांत मत देणं हे वृत्तपत्राचं काम आहे, भाडेकरूंच्या गटाचं नव्हे. मी ज्यांच्याबरोबर काम करते ते हल्ली एक साधा नियम पाळतात. पत्रकाच्या शेवटी ‘आम्ही काय करणार आहोत’ याचं एक वाक्य लिहिता येत नसेल तर पत्रक काढायचं नाही. वाक्य लहान चालेल: ‘शनिवारी आमचे चार जण तिथे स्वच्छतेला असतील.’ या नियमाने पत्रकं खूप कमी झाली. कुणी विचारलं तर सांगता येतं, आम्ही सध्या या ठिकाणी आहोत, तुम्ही तिथे आहात, एकमेकांना काय लागेल ते कळवू.

थकव्याचं निम्मं कारण मला कामाच्या वाटणीत दिसतं. आपल्याकडे ‘रचना आणि संघर्ष’, म्हणजे उभारणीचं काम आणि लढा, ही जोडी जुनी आहे, पण बहुतेक गटांत रचनेचं काम बायकांकडे आणि संघर्षाचा माईक पुरुषांकडे, अशी वाटणी होते. शंकर गुहा नियोगी यांच्या, छत्तीसगडमधल्या दल्ली राजहऱ्याच्या खाण कामगार संघटनेने ही जोडी खऱ्या अर्थाने एकत्र चालवून दाखवली. कंत्राटी मजूर मजुरीसाठी लढत होते आणि त्याच वेळी दारूविरुद्ध मोहीम चालवत होते. १९७७च्या गोळीबारात त्यांचे अकरा साथी गेले. त्यांच्या नावाने १९८३ मध्ये मजुरांनी स्वतःच्या वर्गणीने आणि श्रमाने शहीद रुग्णालय उभं केलं. झेंडा लाल आणि हिरवा, कामगार आणि शेतकरी. १९९१ मध्ये नियोगींची हत्या झाली, रुग्णालय चालू राहिलं. नेता गेल्यावरही सकाळी दार उघडतं अशी एखादी गोष्ट तुमच्या गटात आहे का? अगदी लहान असली तरी चालेल: आठवड्यातून दोन संध्याकाळी कागदपत्रं भरून देणारं टेबल, आजाऱ्यांना औषध पोचवणारी चौघांची पाळी. लोक मोर्चाला एकदा येतात, अशा टेबलापाशी पुन्हा पुन्हा येतात. आणि संकटात धावून जायची सवय तिथेच लागते.

पाळ्या लावा, हे बजावून सांगते. पूर्ण वेळ काम करणाऱ्यालाही वर्षातून एक महिना सुट्टी असावी, ती ‘मागावी’ लागू नये. पैसे कुणाला मिळतात आणि कुणाला नाही हे सगळ्यांना माहीत असावं. बैठक रात्री नऊला ठेवली की लहान मुलं असलेली आई आपोआप गळते, मग आपण म्हणतो बायका येत नाहीत. जे दोघं सोडून गेले त्यांना फोन करा. परत या म्हणून नको. काय जड झालं होतं ते विचारायला करा.

कुणाबरोबर जायचं नाही, हेही ठरवावं लागतं. भाडेकपातीच्या मागणीला साथ देणारा एखादा गट उद्या त्याच इमारतीतून विशिष्ट आडनावाच्या लोकांना हाकला म्हणत असेल, तर त्याच्याशी तात्पुरतीही युती नको. बाकी मतभेद, विचारधारा, शब्दांचे वाद चालवून घेता येतात. मी स्वतः अशा लोकांबरोबर वर्षानुवर्षं काम केलंय ज्यांच्याशी देव-धर्मावर माझं कधीच जमणार नाही.

तुमच्यापुरतं आत्ताचं सांगायचं तर पुढचे तीन महिने नवीन पत्रक काढू नका. तुमच्या पाच सभासदांचे पाच महिने भिंतीवर लिहा आणि गाठ कुठे आहे ते पाहा. मग हल्ला झालेल्या त्या वस्तीत जा, दोघीच जा. बैठक तुमच्या कार्यालयात ठेवू नका. त्यांना सोयीची वेळ विचारा, त्यांच्याच जागेत बसा, आणि जाताना तुमच्या इमारतींची यादी बरोबर न्या: कोणत्या मजल्यावर किती खोल्या रिकाम्या आहेत, किल्ली कुणाकडे असते, रात्री दोन वाजता कोणाचं दार वाजवायचं.